नव्या प्रवाळाची प्रकृती कशी जोखावी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत आणलेले नवे प्रवाळ निरोगी आहे की नाही हे ठरवताना नवशिका आधी रंग पाहतो. खरे तर रंग हा सर्वांत कच्चा पुरावा. आधी पाहायचे ते सांगाड्यावरचे मांस, मग पॉलिपांची उघडमीट, आणि रंगाचा विचार त्यानंतर. हा क्रम प्रवाळाच्या शरीररचनेतूनच येतो, म्हणून ती थोडी समजून घ्यावी लागते.

प्रवाळ हा प्राणी आहे. बहुतेक प्रवाळे म्हणजे पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांच्या वसाहती. प्रत्येक पॉलिप ही एक मऊ पिशवी असते. तिला वर एकच तोंड आणि तोंडाभोवती डंखपेशी असलेल्या शुंडकांचे कडे. अन्न आत घेण्याची आणि मळ बाहेर टाकण्याची वाट एकच. शेजारचे पॉलिप मांसाच्या पातळ पडद्याने एकमेकांना जोडलेले असतात. दगडी प्रवाळात हे पॉलिप आपल्याखाली ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातात. हातातला तुकडा कितीही जड लागला तरी त्यातला जिवंत भाग म्हणजे वरचा काही मिलिमीटरांचा थर, बाकी सगळा दगड. म्हणूनच त्या थराची स्थिती हीच प्रवाळाची स्थिती. मऊ प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. लेदर, झोअँथिड, मशरूम ही नवशिक्यांची नेहमीची प्रवाळे बाजारात मऊ प्रवाळे म्हणूनच विकली जातात. शास्त्रीय वर्गीकरणात मात्र यांतले लेदर तेवढे खरे मऊ प्रवाळ, बाकी दोन दगडी प्रवाळांचे जवळचे नातलग.

मांसाच्या पेशींमध्ये झूझँथेली हे एकपेशी शैवाल राहते. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्याच्या पेशी दहा लाखांच्या घरात असतात. प्रकाशात ते साखर तयार करते आणि प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यातून भागतो. बदल्यात प्रवाळ त्याला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या शरीरातला नायट्रोजन-फॉस्फरसचा टाकाऊ भाग देते. पाणी तापले किंवा प्रकाश अचानक वाढला की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात, आणि प्रवाळ शैवाल बाहेर टाकते. मांस मग काचेसारखे पारदर्शक होऊन खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेले नसते, उपाशी असते. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण अनेक पांढरी पडलेली पण जिवंत प्रवाळे घाईने कचऱ्यात जातात.

भारतात खरेदीच्या आधीच कायद्याचा प्रश्न येतो. सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. त्यामुळे पुढे हॅमर, डंकन, ॲक्रोपोरा अशी नावे येतील ती मुख्यतः अमेरिका आणि युरोपातल्या बाजारातली. तेथे टाकीतच वाढवलेल्या वसाहतींचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, कायदेशीरपणे विकले जातात. असा फ्रॅग निवडणे प्रकृतीच्या दृष्टीनेही चांगले. समुद्रातून काढलेल्या वसाहतीला प्रवास, काप आणि नवे पाणी हे सगळे एकदम सोसावे लागते. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या फ्रॅगला टाकीची सवय असते.

दुकानात पहिली अडचण येते ती दिव्यांची. प्रदर्शनाच्या टाक्यांवर ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो. प्रवाळांच्या मांसातली प्रतिदीप्त प्रथिने त्यात हिरवी, नारिंगी, गुलाबी चमकतात, आणि निम्मे शैवाल गमावलेले प्रवाळही देखणे दिसते. उलट, शैवालाचा तपकिरी थर विरळ झाला की ही चमक अधिकच उठून दिसते. फिकट गुलाबी किंवा निळसर ‘दुर्मीळ’ रंग पुष्कळदा उपासमारीचा रंग असतो. काही ठिकाणी पांढरी पडलेली प्रवाळे कृत्रिम रंगात बुडवून विकल्याचीही उदाहरणे आहेत. गडद, एकसारखा आणि खोबणींत साचलेला पिवळा किंवा जांभळा रंग दिसला तर ते प्रवाळ सोडून द्यावे. विक्रेत्याला पांढरे दिवे लावायला सांगणे यात संकोचण्यासारखे काही नाही.

पांढऱ्या प्रकाशात नजर आधी मांस आणि सांगाडा जिथे मिळतात त्या कडेवर न्यावी. हॅमर प्रवाळ याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला सांगाड्याची वाटीसारखी कड असते आणि तिच्या आत उभे, धारदार पडदे. निरोगी हॅमरचे मांस ही कड पूर्ण झाकून बाहेरच्या बाजूने खाली उतरलेले असते. शुंडके आखडलेली असली तरी कड दिसत नाही. मांस वाटीच्या आत सरकले असेल, पडद्यांच्या धारा त्यातून वर आलेल्या असतील, तर प्रवाळ मागे हटते आहे. वर शुंडके फुललेली असली तरी हे खरे. फुललेला हॅमर आणि निरोगी हॅमर एकच नव्हेत, आणि नवशिक्याची फसगत नेमकी येथे होते.

उघड्या सांगाड्याच्या रंगावरून मांस कधी गेले याचा अंदाज येतो. स्वच्छ पांढरा भाग म्हणजे मांस गेल्या एक-दोन दिवसांत गेलेले आहे आणि बहुधा अजून जाते आहे. काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखा शैवालाचा थर धरतो, पुढे जाड होतो. जुन्या शैवालाला लागून असलेली मांसाची कड गोल, जाड आणि भरीव असेल तर जखम जुनी असून थांबलेली आहे. असे प्रवाळ घ्यायला हरकत नाही. कड पातळ, झिरझिरीत, लोंबती असेल आणि तिच्याखाली पांढरी पट्टी असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये. पांढऱ्या रंगाला एक अपवाद आहे. ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोके आणि मॉन्टिपोराच्या तबकाची कड पांढरी असते, कारण तिथे नवी वाढ चालू असते आणि शैवाल अजून पोचलेले नसते. ती प्रकृती चांगली असल्याची खूण आहे. फरक जागेचा: वाढीचा पांढरा टोकाला किंवा कडेला असतो आणि त्यावर मांस असते, नासाडीचा पांढरा बहुधा बुंध्यापासून वर चढतो आणि त्यावर काहीच नसते.

फ्रॅग असेल तर तो ताजा कापलेला आहे का हे पाहावे. कापलेली बाजू कोरी पांढरी आणि गोंद नवा चकचकीत असेल तर दोन-तीन आठवडे थांबणे शहाणपणाचे. मांस बुंध्यावरून प्लगवर, म्हणजे फ्रॅग चिकटवलेल्या बैठकीवर, पसरू लागले असेल तर फ्रॅग रुळला आहे, हा भरवशाचा पुरावा. प्लगची खालची बाजूही उलटून बघावी. पारदर्शक तपकिरी, लांब शुंडकांचे छोटे समुद्रफूल म्हणजे आयप्टेशिया. ते टाकीत एकदा शिरले की काढणे महाकर्मकठीण. झोअँथिडच्या देठांमध्ये त्याच्याच रंगाच्या गोगलगायी दडून बसतात. बुंध्याशी जेलीसारखे अंड्यांचे पुंजके असू शकतात.

म्हणूनच घरी आल्यावर प्रवाळाला डिप द्यावा लागतो. पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवायचे, पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने पाहायची, मग टाकीतून काढलेल्या पाण्यात औषध मिसळून त्यात प्रवाळ हलवत धुवायचे. किती औषध आणि किती वेळ हे बाटलीवर लिहिलेले असते, ते पाळावे. चपटे कृमी आणि लहान शिंपले-गोगलगायी या धुण्यात गळून पडतात, अंडी मात्र बहुतेक वाचतात. ती खरवडून काढावीत, आणि शक्य असेल तर प्लगच बदलावा. पिशवीतले आणि डिपचे पाणी टाकीत ओतू नये. झोअँथिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे प्रवाळ धरलेले दगड उकळल्याने किंवा घासल्याने घरातल्या माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

टाकीत ठेवल्यावर पहिल्या दिवशी प्रवाळ मिटलेले राहणे अगदी साहजिक आहे. किती दिवस मिटलेले राहावे हे जातीवर अवलंबून असते. झोअँथिड काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उघडते. हॅमर आणि डंकन पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी तरी शुंडके दाखवतात. लेदर प्रवाळ आठवडा-दोन आठवडे आखडून बसते, त्याच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, आणि तो सुटून गेला की पॉलिप पुन्हा बाहेर येतात. जुन्या, धडधाकट लेदरमध्येही हा प्रकार अधूनमधून होत असतो. पापुद्रा निघत नसेल तर पाण्याचा प्रवाह थोडा वाढवावा. दिवस-रात्रीचा फरकही असतो: कित्येक प्रवाळे दिवे गेल्यावर आखडतात, काही नेमकी रात्रीच शुंडके बाहेर काढतात. म्हणून निरीक्षणाची वेळ रोज एकच असावी.

जास्त फुगणे हेही नेहमीच शुभ नसते. झोअँथिडचे देठ लांबलचक होऊन दिव्याकडे ताणलेले असतील तर प्रकाश कमी पडतो आहे. मशरूम आकसून त्याच्या कडा वर वळल्या असतील तर प्रकाश जास्त आहे. हॅमरची शुंडके डुलायला हवीत. सगळी एकाच दिशेला सपाट पडत असतील तर प्रवाह जोरात आहे, आणि त्याच्या स्वतःच्या सांगाड्याच्या धारेवर मांस घासून फाटू शकते. प्रकाश मोजणारा पार मीटर मिळाला तर मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १००, हॅमर-डंकनना ७५ ते १५० इतका आकडा पुरतो. मीटर नसेल तर नवे प्रवाळ तळाशी ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर आणावे. प्रकाश कमी पडल्याने प्रवाळ आठवड्यांनी कोमेजते, जास्त झाल्याने दोन दिवसांत भाजते.

तोंड ही दुर्लक्षित राहणारी खूण आहे. निरोगी पॉलिपचे तोंड बारीक चिरेसारखे मिटलेले असते. ते तासन्‌तास आ वासून राहिले, आतल्या पांढऱ्या घड्या दिसू लागल्या, तर प्रवाळ मोठ्या ताणात आहे. मांसातून किंवा तोंडातून पांढरे बारीक दोरे बाहेर येतात ते पचनाचे तंतू. शेजाऱ्याशी झुंज किंवा इजा यांचे ते चिन्ह. तपकिरी दोरा अधूनमधून बाहेर टाकला गेला तर काळजीचे कारण नाही, जादा शैवाल आणि मळ असाच जातो. प्रवाळ चार-पाच दिवस रुळल्यानंतर मायसिस कोळंबीचा एक बारीक तुकडा पिपेटने हॅमरच्या किंवा डंकनच्या शुंडकांवर सोडून पाहता येतो. शुंडके चिकटून तुकडा तोंडाकडे नेऊ लागली तर स्नायू, डंखपेशी आणि पचन तिन्ही जागेवर आहेत. मिटलेल्या प्रवाळावर अन्न लादू नये, ते तिथेच कुजते.

रंग जोखायचा तर त्याच प्रवाळाच्या कालच्या रंगाशी जोखावा. शेजारच्या टाकीतल्या किंवा छायाचित्रातल्या रंगाशी तुलना निरुपयोगी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या कोरलवॉच या उपक्रमाने समुद्रातल्या प्रवाळांसाठी रंगांचा तक्ता तयार केला. त्यात चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या फिक्यापासून गडदपर्यंत सहा पायऱ्या आहेत; दोन पायऱ्यांचा फरक पडला की शैवालाच्या प्रमाणात खरा बदल झाला असे मानतात. घरच्या टाकीत त्याचा धडा असा घेता येतो: एकाच वेळी, पांढऱ्या दिव्यात, एकाच कोनातून आठवड्याला एक छायाचित्र काढावे. रंग फिका होत गेला तर प्रकाश जास्त, तापमान जास्त किंवा पोषणद्रव्ये फार कमी. तपकिरी होत गेला तर प्रकाश कमी किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त. तपकिरी पडलेले प्रवाळ देखणे नसते, पण ते भुकेलेही नसते. दोन्हींत कमी धोका त्याचाच.

प्रवाळ बिघडताना दिसले तर आधी पाणी तपासावे, तेही ठरावीक क्रमाने. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस; क्षारता हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेला नसेल तर आकडा बेभरवशाचा. अमोनिया शून्यच हवा. टाकी नवी असून तिचे नायट्रोजन चक्र पूर्ण झालेले नसेल तर प्रवाळ आणायचेच नव्हते. या चक्राला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यानंतरही काही महिने टाकी मुरू देणे चांगले. मग अल्कलिनिटी. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते, टाकीत ८ ते ९ ठेवतात, पण ७.५ की ९ यापेक्षा ती रोज एकाच जागी असणे जास्त महत्त्वाचे. एका दिवसात एक डीकेएचपेक्षा मोठी उडी दगडी प्रवाळांना सोसत नाही. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५०. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असू द्यावे. ही दोन्ही शून्यावर आणणे हे स्वच्छतेचे लक्षण समजले जाते, प्रत्यक्षात त्यामुळे झूझँथेली उपाशी पडते आणि टाकीत त्रासदायक डायनोफ्लॅजेलेटांना मोकळे रान मिळते.

मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये खोलीतले पाणी चिलरशिवाय सहज ३० अंशांवर जाते. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण त्याच वेळी क्षारता चढत जाते. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने रोज करावी लागते. हे विसरले तर उन्हाळ्यात मिटलेल्या प्रवाळाचा दोष उकाड्याला दिला जातो आणि क्षारता ३८-३९ वर गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाणी ठीक असूनही एकच प्रवाळ मिटत असेल तर कारण शेजारी शोधावे. टॉर्च, हॅमर आणि गॅलेक्सिया ही प्रवाळे रात्री लांब झाडूशुंडके, म्हणजे शेजाऱ्याला डंख करणारी शुंडके, सोडतात. गॅलेक्सियाची तर वीतभरही पोचतात. क्लीनर कोळंबी अन्न चोरायला पॉलिपवर चढते, विदूषक मासा समुद्रफूल समजून हॅमरमध्ये लोळतो, एखादा मासा दिवसभर एकेक शुंडक टोचतो. दिवे गेल्यावर तासाभराने लाल प्रकाशाच्या बॅटरीने दहा मिनिटे पाहिले तर बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो.

खरी तातडी दोनच प्रसंगी असते. ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या प्रवाळाचे मांस तासागणिक साल निघावी तसे सुटू लागते; अशा वेळी निरोगी फांद्यांची टोके जखमेपासून दूर कापून वेगळी वाचवणे एवढाच उपाय उरतो. हॅमर आणि टॉर्चवर तपकिरी, जेलीसारखा, दुर्गंधीयुक्त लगदा चढतो आणि एका पॉलिपवरून दुसऱ्यावर झपाट्याने पसरतो. ते प्रवाळ पंपाच्या प्रवाहापासून हलवून, लगदा नळीने शोषून टाकीबाहेर काढावा, रोगट फांदी सांगाड्यासह छाटावी आणि उरलेला भाग डिप देऊन वेगळ्या भांड्यात ठेवावा. बाकी जवळजवळ सगळ्या तक्रारींत एका वेळी एकच बदल करून चार-पाच दिवस थांबावे. रोज जागा बदलली, रोज नवी बाटली ओतली, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळतच नाही, आणि मिटलेल्या प्रवाळाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. विरंजित प्रवाळाला सौम्य प्रकाश, स्थिर तापमान आणि आठवड्यातून दोनदा बारीक अन्न दिले तर रंग परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

मेले असे केव्हा म्हणायचे? मऊ प्रवाळ वितळू लागले, त्याला सडक्या अंड्याचा वास आला आणि बोट लावताच ते सुटले, की लगेच बाहेर काढावे. कुजणारे मांस लहान टाकीत अमोनिया वाढवते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजावा, सक्रिय कोळसा नवा घालावा आणि पाण्याचा पाचवा भाग बदलावा. दगडी प्रवाळाच्या बाबतीत घाई करू नये. हॅमर, डंकन किंवा अकॅनचा वरचा भाग पूर्ण उघडा पडला तरी फांदीच्या बाजूला किंवा वाटीच्या तळाशी मांसाचा कणभर ठिपका उरलेला असू शकतो, आणि त्यातून काही महिन्यांनी मोहरीएवढे नवे पॉलिप फुटतात. वास नसेल, लगदा नसेल आणि अमोनिया शून्य असेल, तर असा सांगाडा सौम्य प्रकाशात राहू द्यावा. शैवालाने तो पूर्ण मढला आणि भिंगातून पाहूनही मांस दिसले नाही, तरच तो काढावा.